म्हणे जीन चांगला असेल तर बिनधास्त ओढा

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की तोंडातले पांढरे चट्टे, म्हणजे पुसून न निघणारा ल्युकोप्लाकिया, ज्यांच्या जीन्समध्येच दोष आहे त्यांनाच होतात, बाकीच्यांना विडी-सिगरेटची उगाच भीती घालतात, टेस्ट करून घ्या आणि जीन चांगला निघाला तर बिनधास्त ओढा. खाली आयुष्यभर ओढूनही ठणठणीत असलेले कुणाचे तरी नव्वदीतले आजोबा पण आहेतच.

आधी यातलं खरं काय ते सांगतो. धुरातलं बेंझोपायरीन हे घातक रसायन आपलंच एक एन्झाइम आणखी जहाल करतं आणि ते डीएनएला जाऊन चिकटतं, दुसरी काही एन्झाइम्स त्याला निष्प्रभ करून बाहेर काढतात. त्या दुसऱ्या गटातला जीएसटीएम१ हा जीन काही लोकांत अख्खाच नसतो. त्यांना चट्ट्यांचा धोका थोडा वाढतो असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही दिसलं. पण युरोपातल्या जवळपास निम्म्या लोकांत हा जीन नाहीये, मग निम्म्या युरोपच्या तोंडात चट्टे का नाहीत?

आता दुसरं, आणि हे मला सगळ्यात पटतं. जीन तोंडभर सारखाच असतो ना? पण विडीवाल्याचा चट्टा बऱ्याचदा ओठांच्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूला येतो, तंबाखूची गोळी धरणाऱ्याचा बरोब्बर ती गोळी जिथे ठेवतो तिथे, आणि आंध्रात श्रीकाकुलमकडे बायका चुट्ट्याचं (हाताने वळलेल्या जाड चिरुटाचं) पेटतं टोक तोंडात घेऊन ओढतात त्यांना थेट टाळूवर. गोव्यात धुमटी ओढायची पद्धत पण अशीच होती. जागा सवय ठरवते, जीन नाही.

टेस्टचं म्हणाल तर "तुला चालेल" असं सांगणारी टेस्टच अस्तित्वात नाही, एकदोन जीन बघून तर अजिबातच नाही. आणि आजोबांचं काय, चट्टेवाल्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर होत नाही हे खरंय, पण कुणाच्या चट्ट्याचा पुढे कॅन्सर होईल हे आधी कळत नाही, चट्टा लाल असेल तर धोका खूपच जास्त. शिवाय जे आजोबा पन्नाशीतच गेले त्यांचा फॉरवर्ड कोण करणार?

राहिला मुद्दा "उगाच भीती"चा. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) या संस्थेच्या टीमने १९७०-८० च्या दशकांत केरळातलं एर्नाकुलम, गुजरातेतलं भावनगर आणि श्रीकाकुलम इथल्या ३६,००० तंबाखूवाल्यांना सोडायला समजावलं, एर्नाकुलममध्ये तर नवे चट्टे बरेच कमी झाले. लोकांचे जीन्स कुणी बदलले नव्हते.