गोडेल यांनी गणित मोडीत काढलेले नाही

‘कुर्ट गोडेल यांनी 1931 साली गणिताचा पायाच पोकळ असल्याचे सिद्ध केले, त्यामुळे कोणतेही सत्य पक्के सिद्ध होत नाही आणि यंत्राला माणसाची बुद्धी कधीच गाठता येणार नाही’ असा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यातले साल तेवढे बरोबर आहे.

पाया पोकळ असल्याचा दावा आधी पाहू. जी गृहीतकव्यवस्था (सिद्धतेविना मानलेल्या विधानांवर उभारलेली व्यवस्था) सुसंगत आहे, म्हणजे जिच्यात परस्परविरोधी विधाने सिद्ध होत नाहीत, जिची गृहीतके ठरावीक यांत्रिक रीतीने ओळखता येतात आणि जिच्यात नैसर्गिक संख्यांची बेरीज व गुणाकार या दोहोंचे मूलभूत नियम सामावतात, तिच्यात सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही असे एखादे विधान असतेच, असे तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांचे 1931 चे अपूर्णतेचे प्रमेय सांगते. (गोडेल यांची मूळ अट सुसंगततेहून कडक होती, ती रॉसर यांनी 1936 मध्ये सैल केली.) या अटी शोभेच्या नाहीत. गुणाकार वगळून केवळ बेरजेचे अंकगणित घेतले तर ते पूर्ण आहे, म्हणजे त्यातले प्रत्येक विधान सिद्ध तरी करता येते किंवा खोडून तरी काढता येते, हे प्रेसबर्गर यांनी 1929 मध्येच दाखवले होते. टार्स्की यांनी प्राथमिक भूमितीबाबतही तसेच सिद्ध केले. शिवाय विसंगत व्यवस्थेत वाटेल ते विधान सिद्ध होते, त्यामुळे अपूर्णता आणि विसंगती एकत्र नांदूच शकत नाहीत. ढासळली ती अंकगणिताची सुसंगतता केवळ सांत (अनंताचा आधार न घेणाऱ्या) साधनांनी सिद्ध करण्याची गणितज्ञ हिल्बर्ट यांची आशा. पुढे 1936 मध्ये गेंट्झेन यांनी ती सुसंगतता सिद्ध केली खरी, पण त्यासाठी त्या अंकगणितात न मावणारे सांतातीत विगमन (नेहमीच्या गणिती विगमनाचा अनंतापलीकडे केलेला विस्तार) वापरावे लागले.

‘कोणतेही सत्य सिद्ध होत नाही’ हे तर सरळ चूक आहे. मूळ संख्या अनंत असल्याची युक्लिडची सिद्धता 1931 नंतरही तशीच उभी आहे. ‘सिद्ध होत नाही’ याचा अर्थ नेहमी ‘अमुक व्यवस्थेत सिद्ध होत नाही’ असा असतो: नैसर्गिक संख्यांविषयीचे गुडस्टाइन यांचे प्रमेय पेआनो यांच्या अंकगणितात (नैसर्गिक संख्यांच्या नेहमीच्या गृहीतकव्यवस्थेत) सिद्ध होत नाही, संचसिद्धांतात होते.

उरला यंत्राचा मुद्दा. 1961 मध्ये तत्त्वज्ञ लुकास यांनी असा युक्तिवाद केला की, यंत्राला सिद्ध करता न येणारे विधान खरे असल्याचे माणसाला दिसते. पण ते दिसण्यासाठी ती व्यवस्था सुसंगत आहे हे आधी ठाऊक हवे. आणि ‘सुसंगत असेल तर ते विधान खरे’ एवढे यंत्रही सिद्ध करू शकते. स्वतः गोडेल यांचा कल मानवी मनाच्या बाजूने होता, तरी 1951 च्या व्याख्यानात त्यांनी सिद्ध झाले म्हणून मांडला तो विकल्पच: एक तर मन कोणत्याही सांत यंत्रापलीकडचे आहे, नाहीतर काही संख्याप्रश्न माणसालाही कधीच सुटणार नाहीत.