भाकरी बंद करा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या आमच्या मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. सांगणं असं: सकाळी ज्वारीची भाकरी खाऊ नका, ती जड असते, सुस्ती आणते. शिळी तर विषच. शेंगदाण्यांनी कोलेस्टेरॉल वाढतं. त्यापेक्षा कॉर्नफ्लेक्स-दूध आणि ग्लासभर फळांचा रस घ्या, अंगात ताकद दुपारपर्यंत राहते. खाली नेहमीप्रमाणे हात जोडून ‘पुढे पाठवा’. पाठवायच्या आधी जरा थांबा.

आधी ते ‘जड’ प्रकरण. जड म्हणजे सावकाश पचणारं, आणि न्याहारी दुपारपर्यंत पुरायची असेल तर हवं ते हेच. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा (फायबर) असतो. दळताना कोंडा जात नाही, सगळं पिठात उतरतं. कॉर्नफ्लेक्समध्ये मात्र मक्याचा कोंडा आणि अंकूर आधीच काढून टाकलेले असतात; उरलेला पिठूळ भाग शिजवून, लाटून, कुरकुरीत भाजतात. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचा आकडा; ग्लुकोजचा तो 100 धरला तर त्यांचा भरतो 80च्या आसपास. साखर झपकन चढते, तशीच उतरते आणि अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात. ओट्सची गोष्ट वेगळी. त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या चोथ्याने कोलेस्टेरॉल उतरतं हे खरंय. ज्याला आवडतात त्याने खुशाल खावेत, पण साधे. गोड किंवा मसाला मारलेली पाकिटं नकोत.

सुस्तीचं म्हणाल तर ती येते, नाही असं नाही. रानात खुरपायला जाणाऱ्या बाईच्या दोन भाकरी दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याने खाल्ल्या तर डोळे मिटणारच. त्याला एक बास.

एक गोष्ट मात्र तो मेसेज लिहिणाऱ्याला सुचली नाही. नुसती भाकरी-ठेचा ही न्याहारी अपुरीच. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी पडतो आणि तो डाळींत भरपूर असतो. म्हणून भाकरीसोबत पिठलं, मोडाची मटकी किंवा रात्रीचं घट्ट वरण हवं. धपाट्यात ज्वारीच्या पिठाबरोबर बेसन पडतंच, वर वाटीभर दही घेतलं की काम झालं. लगोलग चहा मात्र नको, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही; तासाभराने घ्या. आणि आपली मुरमुऱ्यांची सुशीला? लाडकी असली तरी सवलत नाही. मुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, पोटात गेला की विरघळला. त्यात शेंगदाणे, डाळवं मोकळ्या हाताने घाला, वर लिंबू पिळा.

शेंगदाण्यांनी कोलेस्टेरॉल? कोलेस्टेरॉल असतं प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत; शेंगदाण्यात ते नसतंच. त्यातली बहुतेक चरबी असंतृप्त, म्हणजे हृदयाला बरी. 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 24-25 ग्रॅम. उष्मांक मात्र साडेपाचशेच्या घरात, तेव्हा मूठभर बास. भीती बाळगायचीच तर बुरशीची बाळगा. ओलसर राहिलेल्या शेंगांवर बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, ते यकृताला घातक आणि भाजूनही पुरतं जात नाही. काळपट, सुरकुतलेला किंवा कडवट दाणा निवडून फेकायचा, चटणीत ‘खपवायचा’ नाही.

शिळ्या भाकरीला विष म्हणणाऱ्याने ती कधी ताकात कुस्करून, वर कच्चा कांदा फोडून खाल्लेली दिसत नाही. गार झालेल्या भाकरीतला काही स्टार्च लवकर न पचणाऱ्या रूपात जातो, म्हणजे साखर उलट हळू चढते. रात्रीची सकाळी चालते. पावसाळ्यात ठिपका दिसला, वास आला, तार सुटली तर टाकून द्या. जपायचं ते भाताला: शिजवून तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्या मेसेजात भाताचं नावसुद्धा नाही!

राहिला रस. मोसंबी पिळली की चोथा गाळणीत राहतो आणि तीन-चार फळांची साखर एका घोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनाही रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच हिशेबात धरते. जालन्याची मोसंबी दाराशी पिकते, भौगोलिक मानांकन मिळालेली. सोलून, फोडी वरच्या पातळ पापुद्र्यासकट खा.