ब्रेक

दुपारी भाचा आला आणि दारातच उभा राहिला, बूट न काढता. कंपनीचे सेफ्टी शूज, नंबर आठ. म्हणाला, "मामा, ब्रेक दिला."

सात महिने झाले होते त्याला. २४० दिवस भरायला थोडे उरले होते. ते भरले की कायम करा म्हणता येतं, म्हणून त्याआधीच घरी पाठवतात. तोच ब्रेक. ज्यांची पोरं एमआयडीसीत जातात त्यांना पुढचं सांगायला नको.

डोकं फिरलं म्हणून शाळेच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. पाच मिनिटांत एका मित्राचं उत्तर, "बरंय तिथं युनियन नाही ते. नाहीतर कंपनीच बंद पडली असती. गिरण्यांचं काय झालं आठवतंय ना?" त्यावर सहा जणांची हसणारी तोंडं.

आठवतंय की. माझे वडील गिरणीत वाइंडिंग खात्यात होते आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यानंतर आमच्या घरात काय काय विकलं गेलं तेही आठवतंय. पण गिरण्यांवर आपल्याकडे प्रत्येकाचं मत तयारच असतं, त्यामुळे तो विषय आज नको. आज मला कुया आठवला.

शारजात सहा वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही. कुया म्हणजे त्यांच्या भाषेत दादा, सगळे त्याला तेच म्हणायचे. फिलिपिन्सचा, मनिलाजवळच्या बुलाकानचा, गोडाऊनला फोर्कलिफ्ट चालवायचा. सुट्टीच्या दिवशी तुयो तळायचा. तुयो म्हणजे सुका मासा, वास थेट आमच्या आजीच्या चुलीचा. शेजारचे दारं आपटायचे आणि मी ताट घेऊन बसायचो. तर हा माणूस दर १ मेला युनिफॉर्मच्या आत लाल टी-शर्ट घालायचा. तिकडे युनियन, मोर्चा, संप सगळ्यालाच बंदी. गळ्याशी लाल कड दिसायची, तेवढाच काय तो मोर्चा. सुपरवायझरने एकदा हटकलं तर म्हणाला, "थंडी वाजते, सर." मे महिन्यात. शारजात!

त्याच्याकडून पहिल्यांदा ऐकलं, किलुसांग मायो उनो. त्याच्या देशातली कामगार संघटना. सरळ अर्थ, एक मे चळवळ. १ मे १९८० ला स्थापना. म्हणजे तिथला हुकूमशहा मार्कोस, त्याची राजवट जोरात असताना. संपांवर बंदी, आणि सरकारच्या आशीर्वादाने चालणारा एक कामगार महासंघ आधीपासून तयार. आपल्याकडे अशा युनियनला काय म्हणतात ते तुम्हाला माहितीये. यांनी ठरवलं की आपली युनियन खरी असेल, लढाऊ असेल आणि साम्राज्यवादाच्या विरोधात असेल. पगारवाढ मागायचीच, पण देशातले अमेरिकी लष्करी तळ आणि परदेशी कंपन्यांची हुकमत यावरही बोलायचं. संपसुद्धा एकट्या कारखान्याचा नाही. वेल्गांग बायान, म्हणजे जीपनीवाले (तिकडच्या प्रवासी जीप चालवणारे), दुकानदार, विद्यार्थी सगळे मिळून अख्खं गाव बंद.

आणि हे सुरू कुठून झालं? त्याच्या पाच वर्षं आधी, १९७५ च्या ऑक्टोबरात, मनिलाच्या तोंदो भागातल्या ला तोंदेन्या या दारूच्या कारखान्यातले कामगार बंदी मोडून संपावर गेले. घोषणा होती, पुरे झालं, अति झालं, आता संप! आणि मागणी काय, तर हंगामी कामगारांना कायम करा. वाचताय ना? कायम करा. पन्नास वर्षं झाली. त्यांच्याकडे सहा महिने भरले की कायम करावं लागतं, म्हणून पाच महिन्यांत घरी पाठवतात. त्याला 'एंडो' म्हणतात, एंड ऑफ कॉन्ट्रॅक्टचं लाडाचं नाव. आपल्याकडे 'ब्रेक'. माझे आजोबा असते तर म्हणाले असते, बदली कामगार. तेही रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभे राहायचे.

पुढाऱ्यांचं काय झालं तेही ऐका. पहिले अध्यक्ष फेलिक्सबेर्तो ओलालिया. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मार्कोसने त्यांना तुरुंगात टाकलं, वय ७९. पुढच्या वर्षी गेले. मुलगा रोलांडो, वकील, त्याने धुरा घेतली. मार्कोस पळाला, लोकशाही आली आणि त्याच १९८६ च्या नोव्हेंबरात रोलांडो आणि त्याचा ड्रायव्हर, दोघांचे छिन्नविच्छिन्न मृतदेह सापडले. तीन माजी सैनिकांना शिक्षा झाली २०२१ मध्ये. पस्तीस वर्षांनी! आणि आम्ही म्हणायचं, युनियनवाले मलई खातात.

हो, खातात काही. आणि तिकडेही सगळे संत नव्हते, १९९३ मध्ये डाव्यांच्या आपसातल्या भांडणात संघटना फुटलीच. झालं?

कुयाचा जीव मात्र 'का बेल'वर. क्रिस्पिन बेल्ट्रान. 'का' म्हणजे सोबती. एकेकाळचा टॅक्सी ड्रायव्हर, मग किलुसांग मायो उनोचा अध्यक्ष, मग तीनदा निवडून आलेला खासदार. २००६ मध्ये त्याला पकडलं ते मार्कोसच्या काळातलं, १९८५ चं वॉरंट उकरून काढून. वर्षभराहून जास्त डांबून ठेवलं. कुया म्हणाला, "नंतर तो छपरावरून पडून मेला." मी म्हटलं, ढकललं असणार. कुया हसला. "नाही रे. छप्पर गळत होतं. पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून स्वतः दुरुस्त करायला चढला."

२००८ चा मे. वय ७५. खासदार.

त्या रात्री कुया बराच वेळ तव्यावरचा मासा उलटत राहिला, करपला तरी.

एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. मघापासून ग्रुपवर चिडलोय खरा, पण शारजाला जायच्या आधी मी एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात होतो. हजेरीचं एक्सेल माझ्याकडे. २४० च्या जवळ आलेली नावं पिवळी करून साहेबांना द्यायची, एवढंच काम. दोन वर्षं केलं. तेव्हा ती फक्त नावं होती, पोरं नव्हती. मित्रा, तुझ्या त्या हसणाऱ्या तोंडाला मी काय बोलणार?

भाच्याचे बूट कंपनीला परत हवेत, पुढच्या पोराला तेच मिळणार. दिले नाहीत तर हिशोबातून कापतील. उद्या सकाळी गेटवर द्यायला जायचंय. मी येतो म्हटलं त्याला. आत्ता तो बाहेर ओट्यावर बसून ते पुसतोय. कशाला पुसतोयस, म्हटलं, तर म्हणाला, "असू दे मामा, दुसऱ्याला घालायचेत."