बेक्ड मॅकरोनी-चीज: सॉस का फाटला, मॅकरोनी का सुकली

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो नाही. आधी ओट्यापाशी गेलो आणि तुम्ही लिहिलंय अगदी तसंच करून पाहिलं. चार दिवस उशीर झाला तो त्यामुळे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी माझ्या कृतीवरून बेक्ड मॅकरोनी-चीज केलं. मुद्दाम जुनं, मुरलेलं चेडर आणलं. मैद्याने जड होईल म्हणून मैदा निम्मा घेतला आणि चीज घातल्यावर सगळं एकजीव व्हावं म्हणून सॉस आणखी पाच मिनिटं उकळला. सॉस रवाळ झाला, वर तेल तरंगलं, आणि ओव्हनमधून निघालेली मॅकरोनी इतकी सुकी की चमचा रोवला तर उभा राहावा. शेवटी त्या लिहितात, "पाकिटातली पावडर कालवली की दहा मिनिटांत याहून मऊ होतं. मग हा खटाटोप कशासाठी? कृती देण्याआधी स्वतः करून पाहत जा."

करून पाहिलेली आहे ताई, अनेकदा. पण हात बसलेल्या माणसाकडून लिहिताना नेमक्या त्याच गोष्टी सुटतात ज्या हाताला आपोआप कळतात. तुमच्या तक्रारीतला सुकेपणाचा भाग पूर्णपणे माझ्याकडे येतो, तो आधी घेतो.

मी लिहिलं होतं, "मॅकरोनी शिजवून निथळून घ्या." एवढंच. तुम्ही ती खायला घेतो तशी नीट शिजवली, आणि त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण बेक करायची मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं आधी काढायची असते. दाताखाली मधोमध किंचित कडक लागली पाहिजे. उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये सॉसमधलं पाणी पिऊन होतं. आणि मॅकरोनी पाणी पिणार हे ठाऊक असताना मी 250 ग्रॅम कोरड्या मॅकरोनीला फक्त 500 मिली दूध दिलं होतं. मी लगेच वाढतो म्हणून मला ते पुरायचं. कोणी भांडं दहा मिनिटं जास्त ठेवलं, तर ते पुरणार नाही. आता 700 मिली दूध, 40 ग्रॅम बटर आणि 40 ग्रॅम मैदा असं प्रमाण केलं आहे. ओव्हनमध्ये जाताना मिश्रण जरा जास्तच पातळ वाटलं पाहिजे, भांडं हलवलं की सॉस डचमळला पाहिजे. "हे फार पातळ झालंय" असं वाटलं तर समजा बरोबर जमलंय.

आता सॉस फाटण्याकडे येतो. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, कारण ज्या मैद्याला तुम्ही खटाटोप म्हणता तोच सॉसला धरून ठेवतो.

परवा दोन छोटी पातेली शेजारी शेजारी ठेवली. एकात माझ्या प्रमाणात मैदा, दुसऱ्यात तुमच्यासारखा निम्मा. दोन्हींत तुमच्यासारखंच जुनं चेडर किसून घातलं. पहिल्याचा गॅस चीज घालण्याआधीच बंद केला, दुसरा चालू ठेवला. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसत होते. दुसऱ्यात बुडबुडे यायला लागले तशी कडेला पातेल्याच्या धातूला चिकटून एक बारीक पिवळी रेघ उमटली. मग त्या रेघेचे मोहरीएवढे थेंब झाले, थेंब एकमेकांत मिसळले, आणि पाच मिनिटांनी वर चकचकीत तेल आणि खाली पांढरट कण असं सरळ दोन भागांत झालं. चमच्याच्या पाठीवर घेऊन पाहिलं तर कण बोटाला वाळूसारखे लागत होते. तुम्ही जे वर्णन केलंय ते हेच, ना?

कारण असं. चीज म्हणजे केसीन या प्रथिनाची जाळी आणि त्या जाळीत अडकलेली चरबी आणि पाणी. चेडर साधारण 65 अंशांच्या आसपास वितळतं. तिथवर जाळी सैल होते आणि सगळं छान वाहतं. त्यापुढे तापवत राहिलं की प्रथिनं एकमेकांना धरून आवळत जातात, आणि ओलं फडकं पिळावं तशी आतली चरबी आणि पाणी बाहेर फेकतात. उकळता सॉस म्हणजे जवळपास 100 अंश. पाच मिनिटं ते सोसणं कुठल्याही चेडरला अवघड आहे, जुन्याला तर फारच. मुरताना चेडरमधलं पाणी कमी होतं आणि प्रथिनांची जाळी तुटत जाते. चव वाढते ती त्यामुळेच, पण चरबी धरून ठेवायची ताकदही त्याच कारणाने जाते.

मैद्याचं काम इथेच असतं. बटरमध्ये परतलेला मैदा दुधात पडून उकळला की त्यातला स्टार्च फुगतो, आणि ते फुगलेले कण प्रथिनांच्या मध्ये येऊन बसतात. त्यांना एकमेकांना घट्ट धरूच देत नाहीत. मैदा निम्मा केला की हे राखणदारही निम्मे. जड होण्याची तुमची भीती मला समजते. पण जडपणा बहुतेक वेळा कच्च्या मैद्याचा असतो. बटरमध्ये दोन मिनिटं मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका, कच्चट वास जाऊन बिस्किटासारखा वास आला की दूध घाला. आधी थोडंसं, ते पूर्ण जिरलं की मग बाकीचं, सतत ढवळत. आणि हा सॉस मात्र नीट उकळू द्या, तीन-चार मिनिटं, कारण उकळीला आल्याशिवाय तो पुरता दाट होत नाही. म्हणजे उकळायचं ते चीज घालण्याआधी. उकळून झालं की विस्तव बंद. एक-दोन मिनिटं थांबा, मग मूठ-मूठ किसलेलं चीज घालून ढवळा. सॉसची स्वतःची धग पुरेशी असते.

किसलेलं म्हणजे घरी किसलेलं. तयार किसाला कण चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते. तो वितळतो, पण सॉस तितका गुळगुळीत होत नाही.

पाकिटाबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पावडरीचा सॉस फाटत नाही, आणि त्यामागे शंभर वर्षांहून जुना शोध आहे. स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी 1911 मध्ये सोडियम सिट्रेट नावाचा क्षार घालून न फाटणारं चीज केलं. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी 1916 मध्ये प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं, आणि त्यांच्याच कंपनीने 1937 मध्ये मॅकरोनी-चीजचं खोकं बाजारात आणलं. असे क्षार केसीनमधलं कॅल्शियम ओढून घेतात, प्रथिनं मोकळी होतात आणि चरबीला घट्ट धरून बसतात. यात फसवणूक काही नाही, उत्तम रसायन आहे.

मग घरी का करायचं? चवीसाठी. पावडरीला एकच चव असते, पहिल्या घासाला आणि शेवटच्या घासालाही. मुरलेल्या चेडरचा तो जिभेच्या कडांना झोंबणारा आंबटपणा पावडरीत येत नाही. आणि कडेचा तो कुरकुरीत, तपकिरी, भांड्याला चिकटलेला भाग, जो आमच्याकडे सगळ्यात आधी संपतो, तो ओव्हनशिवाय मिळत नाही. मला हा पदार्थ त्या कडेसाठी आवडतो, हे मोकळेपणाने सांगतो.

तुम्हाला पावडरीचा मऊपणा आणि चेडरची चव दोन्ही हवं असेल तर सोपा मार्ग आहे. एकूण चीजचा चौथा भाग साधं प्रोसेस्ड चीज घ्या. त्यात ते क्षार आधीच असतात आणि ते बाकीच्या चीजलाही सांभाळून घेतात. काही जण सोडियम सिट्रेटच आणून 100 ग्रॅम चीजला 3-4 ग्रॅम घालतात आणि मैद्याला फाटा देतात. गॅसवरच्या, लगेच खायच्या मॅकरोनीला ते झकास. बेक करायला मला मैदाच बरा वाटतो, काप नीट निघतो.

मोहरीची पूड "उगाच" घातली असं तुम्हाला वाटलं. अर्धा चमचा असते, तिची वेगळी चव लागत नाही, पण चीजचा तुपकटपणा कमी होतो. नको असेल तर वगळा.

ओव्हनचं माझं मूळ लिखाण मात्र ठीक होतं: 190 अंश, 20 ते 25 मिनिटं, वर बटरमध्ये कालवलेला ब्रेडचा चुरा. फक्त घड्याळापेक्षा भांड्याकडे पाहा. कडेला सॉस खदखदायला लागला आणि चुरा सोनेरी झाला की काढा, मध्यभाग खदखदायची वाट पाहू नका, तोवर कडेचा सॉस फाटायला लागतो. भांडं आदल्या दिवशी भरून फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर पहिली 20 मिनिटं फॉइलने झाका. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, सॉस तेवढ्यात बसतो.

मूळ कृतीत वरचे सगळे बदल केले आहेत, आणि बदल कोणाच्या तक्रारीमुळे झाले तेही तिथे लिहिलं आहे.

तुमच्याकडे ते जुनं चेडर उरलं असेल तर टाकू नका. एकूण 280 ग्रॅम चीज लागेल. त्यात 80 ग्रॅम ते घ्या, 70 ग्रॅम प्रोसेस्ड आणि बाकीचं कोवळं, कमी मुरलेलं चेडर. जुन्यातलं मूठभर बाजूला ठेवून ब्रेडच्या चुऱ्यात मिसळा. वरच्या थरात ते फाटलं तरी बिघडत नाही, सुटलेल्या तेलातच चुरा खरपूस होतो.