सोडलेला मासा जगतोच असं नाही

नागपुरातल्या गळ टाकणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हुकांचे नियम हे परदेशी लोकांचे चोचले आहेत. हूक कोणताही असो, मासा पाण्यात परत सोडला की जगतो. हूक पोटात राहिला तरी गंजून पडतो. सर्कल हूकला, म्हणजे टोक आत वळलेल्या गोल हुकाला, मासा लागत नाही. आणि तलाव रिकामे करतात ते जाळेवाले, हौशी माणूस नाही. मीही हौसेनेच गळ टाकतो आणि यातलं बरंचसं चुकीचं आहे.

सोडलेला मासा वळून खोल पाण्यात गेला एवढंच आपण बघतो, पुढचं दिसत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास नावाच्या माशाचा हिशोब ठेवतात. तिथे सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असं धरलं जातं. आकडा लहान वाटतो, पण हौशी लोक वर्षाला कोट्यवधी मासे सोडतात. त्यामुळे २०१७ मध्ये मासेमारीने जेवढे स्ट्राइप्ड बास गेले, त्यातले जवळपास निम्मे हौशी लोकांनी सोडून दिलेले होते. म्हणून २०२१ पासून तिथे या माशासाठी आमिष लावायचं तर सर्कल हूकची सक्ती आहे. आपल्याकडे तर मे महिन्यात तलावाचं पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि दमलेल्या रोहूला सावरणं आणखी अवघड जातं.

नियम आमिषवाल्यांनाच का, हेही समजून घ्या. प्लॅस्टिकचा खोटा मासा तोंडात आला की मासा बहुधा थुंकतो. गांडूळ किंवा कणकेची गोळी तो गिळतो. इंग्रजी ‘J’ अक्षरासारख्या साध्या हूकचं टोक वर उघडं असतं, हिसका दिला की ते घशात नाहीतर कल्ल्यात रुततं. खिंडसी तलावाच्या काठावर माझ्या शेजारच्या पोट्ट्याने असा एक रोहू काढला होता, हाताएवढा. हूक दिसतच नव्हता, नुसतं तंगूस, म्हणजे गळाची दोरी, घशात गेलेलं. त्याने ओढून काढला तेव्हा कल्ल्यातून रक्ताची धार लागली. मग त्याने ‘लहान आहे, सोडतो’ म्हणून तो पाण्यात टाकला. मासा दोन हातांवर जाऊन कुशीवर झाला. मला त्या वेळी सांगायला हवं होतं की ओढू नको, तोंडाजवळ तंगूस काप. खोल गेलेला हूक तसाच ठेवला तर मासा जगण्याची शक्यता ओढण्यापेक्षा जास्त असते.

म्हणजे गंजण्याचा मुद्दा थोडा खरा आहे. पण साधा लोखंडी हूकही गंजायला वेळ घेतो, आणि स्टेनलेस स्टीलचा तर जवळपास गंजतच नाही. मेक्सिकोच्या आखातात २००८ मध्ये खडकाळ भागातल्या माशांसाठी सर्कल हूक सक्तीचे झाले, तेव्हा ते स्टेनलेस नसावेत हीही अट घातली गेली.

जाळ्यांचं म्हणाल तर बारीक आसाची, म्हणजे बारीक छिद्रांची, जाळी नुकसान करतातच, त्यावर वाद नाही. पण आपल्याकडचे कितीतरी तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून या संस्थांमधले ढीवर बांधव बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडतात. आपण हुकाने घसा फाडून ‘सोडलेला’ मासा बहुतेक वेळा त्यांच्या पैशाचा असतो.

राहिलं ‘सर्कल हूकला मासा लागत नाही’. लागतो, पण हिसका दिला तर सुटतो. त्याचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं. मासा आमिष गिळून निघाला की हूक घशातून अडकल्याशिवाय घसरत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. सगळ्या जातींच्या माशांत सारखा फायदा होत नाही, पण एकूण मृत्यू कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. घेताना टोक बाजूला वाकवलेला घेऊ नका, त्याने फायदा कमी होऊ शकतो. मासा ओढायला लागला की हात आवरा, तंगूस ताठ होऊ द्या आणि मग नुसतं हळूहळू गुंडाळत राहा. पहिल्या दिवशी दोन-चार सुटतील.