‘प्रोबेशनवर आहात, गप्प राहा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दुसऱ्या पाळीच्या आधी गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. एका नव्या मुलाने मोबाइल पुढे केला. “काका, हे खरंय का?” तोच मेसेज आमच्या तीन ग्रुपवर आधीच फिरून गेला होता. ‘नवीन कामगारांनी लक्षात ठेवा’ असं शीर्षक आणि खाली पाच मुद्दे. प्रोबेशनवर असताना युनियनचं सभासद होता येत नाही. त्या काळात मालक कधीही, कारण न देता काढू शकतो आणि युनियनला काही करता येत नाही. सहा महिने झाले की माणूस आपोआप पर्मनंट. २४० दिवस भरले की कोर्ट पर्मनंट करतंच. प्रोबेशनमध्ये पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू नाही.

मी वकील नाही, पण एमआयडीसीतल्या युनियनच्या कमिटीत काम करताना अशी पत्रं बरीच हाताळली आहेत. या मेसेजची गंमत अशी की पहिले दोन मुद्दे माणसाला घाबरवतात आणि पुढचे दोन झोपवतात. दोन्हींवर विश्वास ठेवणारा आधी सहा महिने तोंड उघडत नाही आणि नंतर कागद मागत नाही.

‘सभासद होता येत नाही’

हे कुठल्या कायद्यात आहे, ते मेसेजवाल्याने दाखवावं. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा सभासदाचं वय १५ पूर्ण असावं एवढंच विचारत होता, पर्मनंट आहेस का असं नाही. औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगार’च्या व्याख्येतही प्रोबेशनर वगळलेला नव्हता. उलट युनियनची मान्यता आणि मालकांच्या अनुचित प्रथा यांबद्दलच्या आपल्या राज्यातल्या १९७१ च्या कायद्याने, ज्याला सगळे एमआरटीयू म्हणतात, युनियनमध्ये जाशील तर काढून टाकू अशी धमकी देणं हीच अनुचित प्रथा ठरवली. त्याच कायद्यात मान्यताप्राप्त युनियनची वर्गणी महिन्याला किमान ५० पैसे हवी असंही लिहिलंय. आज ५० पैशांत कोपऱ्यावरची पुडीही येत नाही, पण त्या पावतीची किंमत वेगळी आहे. मान्यतेसाठी सलग सहा महिने ३० टक्के सभासद दाखवावे लागतात आणि ते पावत्यांवरून मोजतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. १९२६ चा ट्रेड युनियन, १९४६ चा स्थायी आदेशांचा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद हे तीन केंद्रीय कायदे तिच्या पोटात गेले. तिच्यात, एकापेक्षा जास्त युनियन असतील तर, त्यातल्या एकीला वाटाघाटीचा एकट्याने हक्क मिळवायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. हजेरीपटावर नव्या मुलांचीही नावं असतात. नव्या मुलांनी युनियनपासून लांब राहावं असं कोणाला वाटत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

एक गोष्ट मात्र मान्य. सभासद झालात म्हणून करारातली वाढ लगेच हातात पडत नाही. बऱ्याच करारांत ‘कायम कामगारांना’ हे दोन शब्द घालून प्रोबेशनरला बाहेर ठेवलेलं असतं, आणि त्यावर सही युनियननेही केलेली असते. ते आमचं पाप आहे.

‘कधीही, कारण न देता’

मेसेजचा सगळ्यात घातक भाग हाच. यात थोडं खरं आहे म्हणूनच तो पसरतो. प्रोबेशन म्हणजे पारख. काम जमलं नाही तर कंपनी सांगू शकते की आम्ही कायम करत नाही, आणि त्यासाठी पर्मनंट माणसासारखी चार्जशीट, खात्यांतर्गत चौकशी लागत नाही. इथपर्यंत ठीक.

पण ‘कधीही’? सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये एक्स्प्रेस न्यूजपेपर्सच्या प्रकरणात सांगितलं की सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर नेमलंय आणि दुसरी काही अट लिहिलेली नाही, तर ते सहा महिने संपण्याआधी काढता येत नाही. गैरवर्तन किंवा तसंच पुरेसं कारण असेल तरच. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतही, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांतही, असमाधानकारक कामासाठी सेवा संपवायची ती प्रोबेशनचा काळ झाल्यावर. म्हणून कंपन्या नेमणूकपत्रात ‘या काळात केव्हाही, सूचना न देता’ अशी ओळ घालतात. ती ओळ तुमच्या पत्रात आहे का, ते बघा. मेसेज बघून काय उपयोग?

आणि ‘कारण न देता’? पत्र कितीही गोड भाषेत लिहा, न्यायालय त्याच्या मागे काय आहे ते बघतं. १९७४ मध्ये समशेर सिंग प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठापुढे पंजाबातले प्रोबेशनवरचे न्यायाधीशच आले होते. त्यांतल्या एकाचा आदेश दिसायला निरुपद्रवी होता, ठपक्याचा एक शब्द नाही, पण मुळाशी आरोपांची चौकशी होती. आदेश रद्द झाला. ते सरकारी नोकरीतलं प्रकरण होतं, तरी आदेशाचा पडदा बाजूला सारून बघण्याची तीच रीत कामगार न्यायालयांतही चालते. काम बघून काढलं तर चालतं. आरोप ठेवून, त्याला उत्तर द्यायची संधी न देता काढलं तर ती शिक्षा होते. युनियनमध्ये गेला म्हणून काढलं तर ती आकसाने केलेली कारवाई, आणि एमआरटीयूखाली ९० दिवसांच्या आत त्याची तक्रार करता येते.

आमच्याकडचाच एक प्रसंग. प्रेस शॉपमधल्या एका मुलाने मागणीपत्रावर सही केली आणि चौथ्या दिवशी टाइम ऑफिसमध्ये त्याला पाकीट मिळालं: ‘आपली कामगिरी समाधानकारक आढळली नाही.’ कामगार आयुक्तांच्या कार्यालयात व्यवस्थापनाने स्वतःच आणलेल्या फाइलमध्ये त्याचे मासिक मूल्यांकनाचे पाच कागद होते. पाचही महिने सुपरवायझरने निळ्या पेनने ‘चांगले’ लिहिलं होतं. अधिकाऱ्याने कागद उलटे करून पाहिले, मागे काही नव्हतं. मुलगा परत कामावर आला, पण मधल्या अडीच महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच. युनियनला काहीच करता येत नाही, असं म्हणणाऱ्याने त्या टेबलाशी बसायला हवं होतं.

‘सहा महिने झाले की आपोआप’

नाही. एक्स्प्रेसच्या त्याच निकालात पुढे म्हटलंय की मुदत संपल्यावर मालकाने कायमही केलं नाही आणि काढलंही नाही, तर माणूस प्रोबेशनरच राहतो. १९६८ च्या धरम सिंग निकालाने यात एक दरवाजा उघडला. नियमांतच प्रोबेशनची कमाल मर्यादा ठरवलेली असेल आणि ती ओलांडूनही कामावर ठेवलं असेल, तर कायम केलं असं धरायचं. म्हणजे प्रश्न महिन्यांचा कमी आणि कमाल मर्यादा कुठे लिहिलीय याचा जास्त आहे.

राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत प्रोबेशन तीन महिन्यांचं आहे. ते भरल्यावर सात दिवसांत मॅनेजरने कायम केल्याचा लेखी आदेश द्यायचा असतो. कंपनीच्या स्वतःच्या, सरकारी अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या (प्रमाणित) स्थायी आदेशांत जास्त मुदत असेल तर तेवढी धरतात. आणि पत्रात एक, स्थायी आदेशांत दुसरंच असेल तर? विमको या काडेपेटीच्या कंपनीत एका पहारेकऱ्याच्या पत्रात सहा महिने होते आणि स्थायी आदेशांत दोन. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पत्रातली जादा मुदत चालणार नाही.

‘२४० दिवस’

या आकड्याभोवती कारखान्यांत जेवढ्या दंतकथा आहेत तेवढ्या बोनसभोवतीही नसतील. इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस भरले की नोकरकपातीपासून संरक्षण मिळत होतं: महिन्याची नोटीस आणि वर्षाला १५ दिवसांचा पगार. १९८३ मध्ये कर्नाटकच्या एसटीच्या प्रकरणात ते प्रोबेशनरलाही लागू केलं गेलं, आणि नव्या संहितेतही एवढीच नोटीस, एवढीच भरपाई आहे. पण हे काढण्याच्या पद्धतीबद्दल झालं. यातून कायमपण मिळत नाही.

कायमपण येतं ते महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतल्या ४-क कलमातून, आणि तेही बदली (दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या) आणि तात्पुरत्या कामगारांना: २४० दिवस, हंगामी कारखान्यात १९०. म्हणून तर सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ देतात, म्हणजे २४० भरायच्या आत काही दिवस कामावरून थांबवतात. वर्षानुवर्षे असं टांगून ठेवणं हीसुद्धा एमआरटीयूखाली अनुचित प्रथा आहे. एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना या प्रकरणात, २००९ मध्ये, गाड्या धुणाऱ्या सफाई कामगारांना त्याचाच आधार मिळाला.

दिवस मोजताना पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरतात, हे १९८५ च्या अमेरिकन एक्स्प्रेस निकालापासून स्पष्ट आहे. पण २४० भरले हे सिद्ध कामगारालाच करावं लागतं, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. पगाराच्या चिठ्ठ्या फेकू नका.

‘पीएफ, ईएसआय नाही’

चूक. प्रोबेशनर पहिल्या दिवसापासून कर्मचारी आहे. ईएसआयला पगाराची मर्यादा आहे, प्रोबेशनची नाही. ग्रॅच्युइटीची वर्षं मोजताना प्रोबेशनही धरतात. लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्यात तर ‘प्रोबेशनर’ हा शब्दच आहे.

गोंधळ होतो तो पत्रातल्या शब्दामुळे. अप्रेंटिस कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार कामगार धरला जात नाही. ठरावीक मुदतीच्या कामगाराची मुदत संपली तर ती नोकरकपात नव्हे. ट्रेनी, अप्रेंटिस, फिक्स्ड टर्म, प्रोबेशन यांतला कोणता शब्द छापलाय, त्यावर सगळं उभं आहे.

टपरीवरच्या मुलाला मी पत्र मागितलं. ते डब्याच्या पिशवीत चार घड्या करून ठेवलेलं होतं, घडीवर तेलाचा डाग. ‘प्रोबेशन सहा महिने, व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार वाढवता येईल.’ त्याला लागून सात महिने झाले होते आणि मेसेज वाचून तो स्वतःला पर्मनंट समजत होता. त्याला घेऊन टाइम ऑफिसच्या बाजूच्या बोर्डापाशी गेलो. काचेआड स्थायी आदेशांची मराठी प्रत असते, पिवळी पडलेली, एक टाचणी गंजलेली. तिसऱ्या पानावर होतं: प्रोबेशन तीन महिने, लेखी कारण देऊन आणखी तीन महिने, त्यापुढे नाही. भोंग्याला चार मिनिटं होती. त्याने बोटांवर महिने मोजले, काचेवरून फोटो काढला आणि विचारलं, “अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा?”