वर्गणी की वगर्णी

दिवाळीत इंदूरला आले होते, तर घरात फराळापेक्षा चर्चा बाबांच्या कॉम्प्युटरची. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद, आणि मशीन 2016 चं, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे विंडोज 11 च्या यादीत बसतच नाही. सिल्व्हर मॉलमधला दुकानदार म्हणाला, अंकल, अब नया ही ले लो. काकांचं वेगळंच, थांबा म्हणे, आता सगळं स्वदेशी येतंय, सप्टेंबरात केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णवांनीच नाही का सांगितलं आपण झोहोवर, म्हणजे भारतीय कंपनीच्या ऑफिस सॉफ्टवेअरवर, जातोय म्हणून. अहो काका, झोहो चालवायला खाली ऑपरेटिंग सिस्टीम लागतेच की! आणि सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम घ्या, पक्कं सरकारी, तर तेही डेबियनवर उभं, म्हणजे लिनक्सच, जे 1991 मध्ये फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने सुरू केलं.

मी राहते जर्मनीत, कीलला. आमच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये ठरवलं की 30,000 सरकारी कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर आणायचं, मग हळूहळू लिनक्स. परकीय कंपनीवर किती विसंबायचं हा वाद तिकडेही आहेच, पण त्यात फाइलच्या फॉरमॅटवर बोलतात, की उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी कागद उघडला पाहिजे. सगळं गोड आहे असंही नाही हं, म्युनिकने मोठा गाजावाजा करून लिनक्स आणलं आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला.

तर मी बाबांना पेनड्राइव्हवरून मिंट, लिनक्सचाच एक प्रकार, चालू करून दिलं, काही इन्स्टॉल न करता. खाली डावीकडे मेनू, प्रिंटर आपोआप सापडला, बाबा खूश, जुन्यासारखंच आहे की गं हे. मग गणपती मंडळाचं फोल्डर उघडलं, 2009 पासूनची इतिवृत्तं, सगळी कृतिदेवमध्ये, म्हणजे त्या जुन्या फॉन्टमध्ये जो आत इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि वर मराठी दाखवतो, आणि स्क्रीनभर इंग्रजी अक्षरांची भेळ. बाबांचा चेहरा बघवेना. विंडोजमधून फॉन्ट उचलून इकडे टाकला, मराठी आलं. म्हटलं चला जमलं, एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर परत भेळ. बाबा शांतपणे म्हणाले, अगं ते विंडोजमध्येही असंच होतं, आम्ही स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो.

म्हणजे 16 वर्षांचा हिशेब एका फॉन्टच्या भरवशावर, आणि आपण भांडतोय सॉफ्टवेअर कुठल्या देशाचं यावर! स्वदेशीला माझा विरोध नाही, पण उद्या झोहोत किंवा बॉसवरही हीच कृतिदेवची फाइल उघडणार असू तर काय कमावलं? युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड असतो त्या पद्धतीत, असती तर विंडोज, मिंट, काकांचा मोबाइल, कुठेही वाचता आली असती. काकांच्या दुकानाचं मात्र वेगळं, हिशेबाचं टॅली विंडोजसाठीच बनलंय, मिंटवर ते सरळ चालत नाही, तिथे मी मिंटचा आग्रह धरणार नाही, नवं मशीन घ्या मुकाट्याने.

बाबांना शेवटी दोन्ही ठेवून दिलं, मिंट आणि जुनं विंडोज, पण विंडोजला इंटरनेट बंद. मिंटवर हिंदीचा रेमिंग्टन कीबोर्ड लावला, कारण बोटं टाइपरायटरवर तयार झालेली, ती आता बदलायची नाहीत. नवी इतिवृत्तं युनिकोडमध्ये, जुनी कन्व्हर्टरमधून एकेक काढताहेत. काल फोनवर म्हणाले, 2014 पर्यंत आलोय, पण हा गाढव कन्व्हर्टर रफार पुढे ढकलतो, प्रत्येक पानावर वर्गणीची वगर्णी करून ठेवलीय, बसलोय हाताने दुरुस्त करत.